घरातील गॅसची आगटी

हिमालयाच्या पायथ्याशी वसलेल्या चंडीगड शहरातील हिवाळा अल्पकालीन असला तरी कडक असतो. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या अखेरीपर्यंत रात्रीचे तापमान पाच-सहा अंश सेल्सिअसपर्यंत आणि काही रात्री त्याहूनही खाली उतरते. धुके दाटले की दुपारपर्यंत सूर्याचे दर्शन होत नाही व दिवसाही अंगातील थंडी जात नाही. विटांच्या आणि काँक्रीटच्या भिंती एकदा थंडावल्या की त्यांना पुन्हा ऊब येण्यास वेळ लागतो. अशा वेळी घरातील एक तरी खोली उबदार असावी असे प्रत्येक कुटुंबास वाटते.

देशाच्या फाळणीनंतर पंजाबला नवी राजधानी हवी होती. त्या निकडीतून उभ्या राहिलेल्या या शहराची आखणी १९५१ पासून ल कॉर्बुझिए व त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. सुमारे ८०० मीटर रुंद व १२०० मीटर लांब अशा चौकोनी विभागांना तेथे 'सेक्टर' हे नाव मिळाले. सेक्टर ३२ हा नगररचनेच्या दुसऱ्या टप्प्यातील विभाग होय. गोस्वामी गणेश दत्त सनातन धर्म महाविद्यालय १९७३ मध्ये स्थापन झाले, तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९९१ मध्ये. या दोन्ही संस्था याच सेक्टरमध्ये आहेत. त्यांच्या आसपासच्या निवासी भागात दोन-तीन मजली घरे आहेत. शिमला, कसौली येथील ब्रिटिश अमदानीतील बंगल्यांच्या अनुकरणाने चंडीगडमधील काही घरांच्या बैठकीत भिंतीतील आगटी बांधलेली आढळते. लाकडे मिळविणे, राख काढणे व धूर सोसणे नकोसे झाल्यामुळे पुष्कळ ठिकाणी ही आगटी आता थंड पडलेली असते. तिच्या कोनाड्यात फुलदाणी किंवा छायाचित्रे मांडलेली दिसतात. या रिकाम्या कोनाड्यात गॅसवर जळणारे उपकरण बसवावे, हा विचार घरमालकाच्या मनात सहज येतो.

विचार चांगला आहे. तथापि तो अमलात आणताना लक्ष बहुधा ज्योतीकडे जाते आणि हवेकडे दुर्लक्ष होते. गॅसची आगटी सुरक्षित आहे की नाही हे ज्योतीपेक्षाही अधिक प्रमाणात दोन वाटांवर अवलंबून असते: खोलीत ताजी हवा येण्याची वाट आणि जळलेली हवा बाहेर जाण्याची वाट. या दोन वाटा कशा तयार कराव्यात व कशा मोकळ्या ठेवाव्यात, हा प्रस्तुत प्रकरणाचा विषय आहे.

धुराड्याचे कार्य

भिंतीतील आगटी महाराष्ट्रातील वाचकास महाबळेश्वर-पाचगणीच्या जुन्या बंगल्यांखेरीज सहसा पाहावयास मिळत नाही. परंतु तिच्यामागील तत्त्व त्याला परिचित असलेल्या एका वस्तूत पूर्णपणे आढळते. ती वस्तू म्हणजे न्हाणीघरातील तांब्याचा बंब. बंबाच्या मधोमध एक उभी नळी असते. तिच्या तळाशी निखारे घातले की आतील हवा तापते, प्रसरण पावते, हलकी होते आणि वर चढते. तिची जागा घेण्यासाठी खालून थंड हवा आत येते. ही ओढ निर्माण झाली की विस्तव फुलतो आणि धूर वरून निघून जातो. खालचे तोंड राखेने बुजले अथवा वरचे तोंड झाकले गेले, तर विस्तव कोंडतो व न्हाणीघर धुराने भरते.

घराचे धुराडे हे याच नळीचे मोठे रूप आहे. मात्र त्याची ओढ फार नाजूक असते हे ध्यानात घ्यावयास हवे. धुराडे सहा मीटर उंच आहे, बाहेरची हवा दहा अंशांवर आहे आणि धुराड्यातील वायूंचे तापमान ६० ते ११० अंश आहे असे मानले, तर वर ओढणारा दाब पाण्याच्या अवघ्या एक ते दोन मिलिमीटर उंचीच्या स्तंभाइतका भरतो. स्वयंपाकघरात हवा बाहेर फेकणारा पंखा सुरू असेल आणि दारे-खिडक्या घट्ट लावलेल्या असतील, तर तो पंखा ही ओढ सहज उलटवू शकतो. मग वर जावयाचे वायू खोलीत परततात. धुराडे फार थंड असतानाही पहिली काही मिनिटे असेच घडण्याचा संभव असतो.

अमेरिकेत जन्मलेले व युरोपात कीर्ती मिळविलेले शास्त्रज्ञ काउंट रम्फर्ड यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस आगटीच्या रचनेचा अभ्यास केला. त्यांनी आगटीची खोली कमी केली, बाजूच्या भिंती तिरप्या केल्या आणि धुराड्याचा गळा अरुंद केला. त्यामुळे उष्णता खोलीकडे अधिक प्रमाणात परावर्तित होऊ लागली व धूरही अधिक सुरळीतपणे वर जाऊ लागला. आगटी म्हणजे केवळ जाळण्याची जागा नव्हे, हवेच्या प्रवाहाला वळण देणारी ती एक रचना आहे, ही दृष्टी त्यांच्या या कार्यातून दृढ झाली.

कोळशाकडून गॅसकडे

रॉबर्ट बन्सेन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ज्वालकाचा प्रसार १८५५ नंतर झाला. जळण्यापूर्वीच गॅसमध्ये हवा मिसळल्यामुळे काजळीविरहित व अधिक उष्ण अशी निळी ज्योत मिळू लागली. निळ्या ज्योतीतून प्रकाश कमी पडतो आणि प्रारित उष्णताही कमी मिळते. म्हणून ज्योतीच्या मार्गात तापून लाल होणाऱ्या वस्तू ठेवण्याची युक्ती निघाली. आरंभी यासाठी ॲस्बेस्टॉसचे तंतू वापरीत; पुढे अग्निरोधक मातीच्या जाळीदार पट्ट्या आल्या. एखाद्या घरात फार जुने परदेशी उपकरण असेल तर ते स्वतः फोडू वा खरवडू नये, कारण ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसांना अत्यंत घातक असते.

लंडनमध्ये डिसेंबर १९५२ मध्ये कोळशाच्या धुराने व धुक्याने मिळून हजारो लोकांचे बळी घेतले. त्यानंतर १९५६ मध्ये ब्रिटनमध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला आणि असंख्य घरांतील कोळशाच्या आगटीच्या जागी गॅसची आगटी आली. त्या काळचा गॅस कोळशापासून बनविलेला असे व त्यात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू मुळातच असे. १९६७ ते १९७७ या काळात तेथे त्याच्या जागी समुद्रतळाखालील नैसर्गिक वायू आला. भारतात बाटलीबंद द्रवरूप पेट्रोलियम वायू १९५५ पासून मुंबईत घरगुती वापरासाठी मिळू लागला. आज चंडीगडच्या घरांत तो सिलिंडरमधून येतो आणि काही भागांत नळावाटे नैसर्गिक वायूही पोहोचला आहे. या दोन्ही वायूंत कार्बन मोनॉक्साइड नसतो. यावरून गॅसची आगटी आता निर्धोक झाली असा समज होतो. परंतु तो अपुरा आहे. इंधनात नसलेले विष अपुऱ्या हवेत होणाऱ्या ज्वलनातून निर्माण होते.

आज प्रचारात असलेल्या उपकरणांचे चार प्रकार सांगता येतील. पहिला प्रकार तापणाऱ्या पट्ट्यांचा. याच्या मागील बाजूने जळलेले वायू धुराड्यात जातात व इंधनातील निम्म्याहून बरीच अधिक उष्णता खोलीस मिळते. दुसरा प्रकार शोभेच्या निखाऱ्यांचा. यात मातीचे कृत्रिम कोळसे किंवा ओंडके मांडलेले असतात व त्यांमधून पिवळ्या ज्वाळा खेळतात. हा दिसावयास सर्वांत मोहक, परंतु त्याची बहुतेक उष्णता धुराड्यातून निघून जाते. तिसरा प्रकार बंदिस्त पेटीचा. काचेमागील ज्योत बाहेरची हवा घेते आणि जळलेले वायू बाहेरच सोडते. खोलीतील हवेशी तिचा संबंध येत नाही. चौथा प्रकार धुराड्याविना चालणारा. त्याची सर्व उष्णता खोलीत राहते, पण त्याबरोबर सर्व बाष्प व सर्व जळलेले वायूही खोलीतच राहतात.

ज्योतीला किती हवा लागते

चार किलोवॉट इंधन-ऊर्जा घेणारी एक मध्यम आगटी घेतली, तर ती दर तासाला सुमारे ०.३१ किलोग्रॅम पेट्रोलियम वायू जाळते. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलोग्रॅम वायू असतो. म्हणजे असा एक सिलिंडर ४५ तासांच्या आसपास पुरतो. रोज सायंकाळी पाच तास आगटी पेटविली तर तो नऊ दिवसांत संपेल. स्वयंपाकासाठी मिळणाऱ्या सिलिंडरवर अशी आगटी चालविणे हा किती खर्चाचा मार्ग आहे, हे या साध्या हिशेबावरून दिसते. सिलिंडरमधून वायू सतत वेगाने काढल्यास आतील द्रव बाष्पीभवनाने आणखी थंड होतो आणि थंडीच्या रात्री दाब कमी पडू लागतो. अशा वेळी सिलिंडरला गरम करण्याचा प्रयत्न कधीही करू नये.

आता हवेचा हिशेब पाहू. एवढ्या वायूच्या पूर्ण ज्वलनास तासाला निदान चार घनमीटर हवा लागते. प्रत्यक्षात ज्योतीभोवतीची पुष्कळ अधिक हवा धुराड्यात ओढली जाते. पाच मीटर लांब, चार मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशी ६० घनमीटरची बैठक पूर्णतः बंद आहे आणि धुराडे अजिबात काम करीत नाही अशी कल्पना करावी. तासाभरात तेथील हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण सुमारे १.४ टक्क्यांनी घटेल. दोन तासांत ते २१ टक्क्यांवरून १८ टक्क्यांच्या जवळ येईल. त्याच वेळी अर्धा घनमीटर कार्बन डायॉक्साइड व अर्धा लिटर पाणी बाष्परूपाने दर तासाला खोलीत मिसळत राहील. कोणतीही खोली इतकी हवाबंद नसते हे खरे. परंतु थंडीच्या रात्री दाराखालची फट गोधडीने व खिडकीची फट कागदाने बुजविली जाते, तेव्हा माणसे नकळत या कल्पित खोलीकडेच वाटचाल करीत असतात. खिडकीच्या काचेवरून पाणी ओघळू लागणे ही या अवस्थेची पहिली सूचना होय.

न दिसणारे विष

ज्योतीला पुरेशी हवा मिळाली की कार्बनचे रूपांतर कार्बन डायॉक्साइडमध्ये होते. हवा अपुरी पडली, ज्वालकात धूळ साचली किंवा जळलेली हवाच पुन्हा ज्योतीकडे आली, तर ज्वलन अर्ध्यावर थांबते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि तो डोळ्यांना वा घशाला झोंबतही नाही. गळतीची सूचना मिळावी म्हणून गॅसमध्ये मिसळलेला उग्र वासाचा पदार्थ ज्वलनात जळून जातो. म्हणून त्या वासावरूनही या विषाचा पत्ता लागत नाही.

फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या विषाच्या क्रियेचा उलगडा केला. रक्तातील हिमोग्लोबिन हे ऑक्सिजनचे वाहक आहे. त्याचे कार्बन मोनॉक्साइडविषयीचे आकर्षण ऑक्सिजनच्या मानाने दोनशे पटींहून अधिक असते. म्हणून हवेत हे विष अल्प प्रमाणात असले तरी ते वाहकाची जागा बळकावून बसते आणि श्वास चालू असूनही शरीराच्या पेशी ऑक्सिजनवाचून गुदमरतात. हवेच्या दहा लाख भागांत त्याचे ४०० भाग असतील तर एक-दोन तासांत कपाळ दुखू लागते व सुमारे तीन तासांनंतर जिवास धोका संभवतो. प्रमाण १६०० भागांपर्यंत गेले, तर वीस मिनिटांत डोकेदुखी, चक्कर व मळमळ सुरू होते आणि दोन तासांच्या आत मृत्यू ओढवू शकतो.

महाराष्ट्रातील घरांना ही गोष्ट अगदीच परकी नाही. बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून शेक देण्याची रीत अनेक घरांत आहे. वारा लागू नये म्हणून त्या खोलीची दारे-खिडक्या लावून घेतात. उत्तर भारतात कोळशाची अंगीठी रात्री झोपण्याच्या खोलीत नेतात; तिच्यामुळे झालेल्या मृत्यूंच्या वार्ता दर हिवाळ्यात वृत्तपत्रांत येतात. बंद न्हाणीघरातील गॅसच्या गिझरचीही तीच कथा आहे. शेगडी, गिझर आणि बैठकीतील आगटी यांचे रूप वेगळे, पण अपघाताचे कारण एकच: ज्योत आत आणि हवा बाहेर.

बसविण्यापूर्वीची तपासणी

आगटी विकत घेण्यापूर्वी धुराड्याची तपासणी करावी. पुष्कळदा याचा क्रम उलट होतो. उपकरण घरी येते, आणि मग त्यासाठी धुराडे शोधले जाते.

प्रथम, धुराडे खरोखर आकाशापर्यंत पोहोचते काय ते पाहावे. चंडीगडमधील घरांवर मागाहून मजले चढविलेले असतात. तसे करताना धुराडे मध्येच बुजविले गेले असण्याचा किंवा गच्चीवर त्याचे तोंड फरशीने बंद केले असण्याचा संभव असतो. काही घरांत आगटी आरंभापासूनच शोभेची असते; तिच्यामागे धुराडे नसतेच. वरच्या मजल्यावर दुसरे कुटुंब राहत असेल तर अधिकच काळजी घ्यावी लागते. जुन्या विटकामात पडलेल्या भेगेतून खालच्या आगटीचे वायू वरच्या घराच्या शयनगृहात झिरपू शकतात आणि ज्यांनी आगटी पेटविलीच नाही अशांच्या जिवावर बेतू शकते.

दुसरे, धुराडे झाडून घ्यावे. वर्षानुवर्षे बंद असलेल्या धुराड्यात काजळी, गळून पडलेला चुना व पारव्यांची घरटी साठलेली असतात. झाडल्यानंतर धूर-चाचणी करावी. धूर निर्माण करणारी कांडी आगटीत पेटवून सर्व धूर वरच्या तोंडातून निघतो काय, आणि तो घराच्या इतर कोणत्याही खोलीत किंवा वरच्या मजल्यावर दिसतो काय, हे दोघांनी मिळून पाहावे. भेगा आढळल्यास धुराड्यात पोलादी अस्तर-नळी बसवावी लागते. वरच्या तोंडावर पक्ष्यांना अडविणारी, परंतु वायूंना न अडविणारी जाळीची टोपी असावी.

तिसरे, हवा आत येण्याची वाट पक्की करावी. ती खिडकीच्या भरवशावर सोडू नये, कारण थंडीत खिडकी बंद होणारच. बाहेरच्या भिंतीत कायम उघडी राहील अशी जाळी बसवावी. शोभेच्या निखाऱ्यांच्या आगटीसाठी ब्रिटनमधील प्रचलित नियमांत सर्वसाधारणपणे किमान १०० चौरस सेंटिमीटर मोकळ्या क्षेत्राची जाळी सांगितलेली आहे. पेट्रोलियम वायू हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो. म्हणून त्याच्या वापरात जमिनीलगतही हवा खेळती असणे आवश्यक आहे. नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असल्याने वर चढतो.

जोडणी

आगटीची जोडणी हे घरमालकाने स्वतः करण्याचे काम नव्हे. गॅस वितरकाचा वा गॅस कंपनीचा अधिकृत कारागीरच त्यासाठी बोलवावा. ब्रिटनमध्ये असे काम नोंदणीकृत कारागिराखेरीज इतर कोणी धंदा म्हणून केल्यास तो कायद्याने गुन्हा ठरतो. असे असले तरी कारागीर काय करतो व काय करावयास हवे, हे घरच्यांना ठाऊक असणे हिताचे असते.

उपकरण कोणत्या वायूसाठी बनविले आहे हे सर्वप्रथम त्यावरील पट्टीवरून पाहावे. नैसर्गिक वायूच्या एका घनमीटरात पेट्रोलियम वायूच्या मानाने निम्म्याहूनही कमी उष्णता असते. म्हणून त्याच्या ज्वालकाच्या तोटीचे छिद्र मोठे ठेवलेले असते. असे उपकरण तसेच सिलिंडरला जोडले तर गरजेपेक्षा कितीतरी अधिक गॅस बाहेर पडतो, ज्योत पिवळी व उंच होते, काजळी धरते आणि विषारी वायू तयार होतो. म्हणून वायू बदलताना तोटी व दाबनियामक दोन्ही बदलावे लागतात.

आगटीकडे येणारी नळी पक्क्या धातूची असावी. उपकरणाजवळ हाताशी येईल अशी बंद करण्याची तोटी असावी. जोडणीनंतर प्रत्येक सांध्यास साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात काय ते पाहतात. काडी पेटवून गळती शोधणे हा जिवाशी खेळ आहे. सिलिंडर आगटीच्या खोलीत किंवा तळघरात न ठेवता मोकळ्या हवेत उभा ठेवावा.

पट्ट्यांच्या आगटीमागे कोनाडा धातूच्या पत्र्याने बंद करतात आणि उपकरणाची नळी त्या पत्र्यातील छिद्रातून धुराड्यात जाते. पत्र्याच्या कडा उष्णतारोधक पट्टीने चिकटवितात. नळीच्या तोंडाखाली सुमारे पाव मीटर मोकळी जागा ठेवणे आवश्यक असते. धुराड्यातून पडणारी काजळी व चुना या जागेत साठतो आणि नळीचे तोंड बुजत नाही. बाहेरून न दिसणारी ही रिकामी जागा सुरक्षिततेचा एक मोठा आधार आहे.

उपकरणात दोन रक्षक साधने असावीत. पहिले ज्योत विझताच गॅस बंद करणारे. यात ज्योतीत ठेवलेल्या दोन धातूंच्या जोडावर सूक्ष्म विद्युत्प्रवाह निर्माण होतो व तोच झडप उघडी धरतो. ज्योत गेली की प्रवाह थांबतो व झडप मिटते. दुसरे साधन खोलीतील ऑक्सिजन घटल्यास गॅस तोडणारे. ऑक्सिजन १८ टक्क्यांच्या आसपास उतरताच याची लहान ज्योत अस्थिर होऊन उपकरण बंद पडते. हे साधन वारंवार आगटी विझवू लागले तर ते बिघडले असे समजून काढून टाकण्याचा मोह होतो. वास्तविक ते खोलीत हवा नाही हे सांगत असते.

शेवटची चाचणी सर्वांत महत्त्वाची. दारे-खिडक्या लावून व घरातील हवा बाहेर फेकणारे सर्व पंखे सुरू करून आगटी काही मिनिटे चालवावी आणि तिच्या वरच्या कडेशी धूर देणारी कांडी धरावी. धूर आत ओढला गेला तर ओढ ठीक आहे. तो खोलीत परतला तर आगटी बंद करून दोष सापडेपर्यंत ती पुन्हा पेटवू नये.

वार्षिक देखभाल

चंडीगडमध्ये आगटी वर्षातील जेमतेम दोन-तीन महिने वापरली जाते आणि उरलेले महिने ती पडून असते. हा दीर्घ विसावाच तिच्या दोषांचे कारण ठरतो. उन्हाळ्यातील धूळवादळांची बारीक माती ज्वालकात जाऊन बसते. कोळी तोटीच्या छिद्रात जाळे विणतात. कुंभारमाशी नळीच्या तोंडाशी मातीचे घर बांधते. पारवे धुराड्यात काड्या टाकतात. म्हणून दसरा-दिवाळीच्या सुमारास, पहिली थंडी पडण्यापूर्वी, पूर्ण तपासणी करून घेण्याचा नेम ठेवावा.

या तपासणीत ज्वालक व तोटी साफ करणे, तडकलेल्या पट्ट्या बदलणे, मागील मोकळ्या जागेतील कचरा काढणे, रक्षक साधने पारखणे, भिंतीतील जाळी मोकळी करणे, धुराडे झाडणे व धूर-चाचणी या गोष्टींचा समावेश होतो. कृत्रिम कोळसे साफ करून परत ठेवताना ते निर्मात्याने दिलेल्या आकृतीप्रमाणेच मांडावेत. सुंदर दिसावे म्हणून त्यांची जागा बदलली तर ज्योत थंड पृष्ठभागावर आपटते व ज्वलन अपुरे राहते. सिलिंडरच्या जोडणीत रबरी नळी वापरली असल्यास ती मानकचिन्ह असलेली असावी व पाच वर्षांनी बदलावी.

घरच्यांनी ओळखावयाची लक्षणे

नित्याच्या वापरात काही खुणा स्वतः ओळखता येतात. पट्ट्यांच्या आगटीची ज्योत निळी व स्थिर असावी. ती पिवळी, आळशी वा लपलपणारी झाली तर कारागिरास बोलवावे. शोभेच्या निखाऱ्यांच्या आगटीत ज्योत मुद्दामच पिवळी ठेवलेली असते, म्हणून तेथे ही खूण उपयोगी पडत नाही. आगटीभोवतीच्या भिंतीवर तपकिरी वा काळे डाग पडणे, काचांवर पाणी साचणे, लहान ज्योत वारंवार विझणे या इतर खुणा होत.

माणसांच्या प्रकृतीतूनही सूचना मिळते. घरातील अनेकांचे डोके एकाच वेळी दुखू लागणे, मळमळणे, पाय जड होणे व सुस्ती येणे ही लक्षणे साध्या सर्दी-तापासारखी वाटतात. पण ताप नसेल आणि घराबाहेर पडताच बरे वाटत असेल, तर विषारी वायूची शंका घ्यावी. गर्भवती स्त्रिया, लहान मुले, वृद्ध आणि हृदयविकाराचे रुग्ण यांना त्याचा धोका अधिक असतो.

ज्या खोलीत ज्योत आहे तेथे कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र बसवावे. युरोपीय मानकाप्रमाणे बनविलेले यंत्र दहा लाखांत ३०० भाग आढळताच तीन मिनिटांच्या आत आणि ५० भाग असतील तर ६० ते ९० मिनिटांत वाजते. ते आगटीपासून एक ते तीन मीटर अंतरावर लावावे. त्याचे आयुष्य ठराविक असते. त्यावर छापलेल्या मुदतीनंतर ते बदलावे. पेट्रोलियम वायूच्या गळतीची सूचना देणारे यंत्र वेगळे असते व ते जमिनीजवळ लावतात. एक यंत्र दुसऱ्याचे काम करीत नाही.

यंत्र वाजल्यास किंवा शंका आल्यास आगटी बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात, सर्वांनी बाहेर मोकळ्या हवेत यावे आणि आजारी माणसास विनाविलंब रुग्णालयात न्यावे. सेक्टर ३२ मधील कुटुंबास शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहे. उपचाराचा मुख्य भाग म्हणजे शुद्ध ऑक्सिजन. साध्या हवेत रक्तातील हे विष निम्मे होण्यास चार-पाच तास लागतात. शुद्ध ऑक्सिजन दिल्यास त्याच कामास एक-दीड तास पुरतो. डॉक्टरांना 'घरात गॅसची आगटी पेटली होती' एवढे आवर्जून सांगावे, कारण लक्षणांवरून हा रोग ओळखणे सोपे नसते. गॅसचा वास येत असेल तर विजेचे कोणतेही बटण न दाबता सिलिंडरची झडप बंद करावी, बाहेर पडून १९०६ या क्रमांकावर कळवावे आणि आपत्तीच्या वेळी ११२ वर मदत मागावी.

निवड

शेवटी प्रश्न निवडीचा आहे. ज्या घराचे धुराडे अखंड आहे, ज्याच्या भिंतीत हवेची जाळी बसविता येते आणि जेथे दरवर्षी तपासणी करून घेण्याची तयारी आहे, तेथे पट्ट्यांची आगटी किंवा बंदिस्त पेटीची आगटी सुखाने बसवावी. शोभेच्या निखाऱ्यांची आगटी ही उबेसाठी नव्हे, डोळ्यांच्या सुखासाठी आहे, हे मान्य करूनच घ्यावी. धुराड्याविना चालणारे उपकरण कोणत्याही बंद खोलीत वापरू नये आणि शयनगृहात तर मुळीच नको. ज्या घराचे धुराडे बुजलेले आहे वा ज्यावर इतरांचे मजले आहेत व तपासणी शक्य नाही, तेथे विजेचे साधन अधिक बरे. उष्णता आत ओढणारे दुहेरी वातानुकूलन यंत्र विजेच्या साध्या तापकापेक्षा त्याच विजेत कित्येक पट उष्णता देते आणि त्यात ज्योत नसल्याने विषाचा प्रश्नच उद्भवत नाही.

आगटी कोणतीही असो, एक नियम सर्वांना सारखा लागू आहे: झोपण्यापूर्वी ती विझवावी. जागा माणूस डोकेदुखी ओळखतो, खिडकी उघडतो, बाहेर पडतो; झोपलेल्या माणसाला यांपैकी काहीच करता येत नाही. तापलेल्या भिंती काही काळ ऊब देत राहतात. उरलेल्या रात्रीसाठी रजई पुरेशी आहे.